घरी काडतूस भरताना पावडर तोलायची कशी: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

घरी काडतुसं भरायला लागलेल्या माणसाला सगळ्यात मोठी काळजी काट्याची असते. तो ०.१ ग्रेनपर्यंत (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) बरोबर दाखवतो ना? काटा बहुतेक वेळा बरोबरच असतो. चुकतं ते त्याच्या आजूबाजूला. भलत्याच डब्यातली पावडर हॉपरमध्ये (पावडर पाडणाऱ्या यंत्राच्या टाकीत) जाते, काट्याच्या दांडीवरचं मोठं वजन एक खाच पुढे बसतं, मध्येच कोणीतरी हाक मारतं आणि एका केसमध्ये (काडतुसाच्या पितळी कवचात) दोनदा पावडर पडते. दशांश ग्रेनसाठी डोळे ताणणारा माणूस पाच ग्रेनची चूक करून बसतो, ती अशी. म्हणून या लेखात अचूकतेपेक्षा क्रमावर भर आहे.

कुठल्या काडतुसाला किती पावडर, हे इथे मिळणार नाही. तो आकडा छापील मॅन्युअलमधून किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत तक्त्यातूनच घ्यायचा. मित्राने सांगितलेला किंवा कोणाच्या व्हिडिओत ऐकलेला आकडा चालत नाही.

## हात लावण्याआधी: तुम्हाला परवानगी आहे का?

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. विकायला भरायची असतील तर लागतो. पण आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. प्राइमर (ठोका बसला की पावडर पेटवणारी छोटी टोपी), केस, गोळी आणि बंदुकीसाठी बनवलेली पावडर हे सगळं त्यात येतं. म्हणजे 'बंदूक मित्राची आहे, माझ्याकडे फक्त पावडरचा डबा आहे' हा बचाव नाही. ग्रीनकार्ड मिळालेलं नसेल तर आधी वकिलाला विचारा. राज्याचे आणि शहराचे नियम याहून वेगळे असू शकतात.

भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. इथली कुठलीही कृती तिथे करायची नाही. सुट्टीला घरी जाताना नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरणार असाल, तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसापायी भारतातल्या विमानतळांवर गुन्हे नोंदवले गेले आहेत.

## टप्पा १: टेबल रिकामं करा

टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा एकच डबा. हा नियम मोडूनही बरेच दिवस काही होत नाही, आणि म्हणूनच तो मोडला जातो.

काट्याची जागा ठरवताना वारा बघा. टेक्सास-ॲरिझोनाकडच्या घरांत एसीचा झोत सारखा चालू असतो आणि दांडीच्या काट्याला तेवढी झुळूक पुरते. पंखा बंद, एसीचं तोंड दुसरीकडे, गॅरेजचं दार लावलेलं. काटा डळमळत्या टेबलावर नको. ज्या टेबलावर प्रेस (काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र) बसवलाय त्यावर तर नकोच, कारण प्रेसचा दांडा ओढला की काटा हलतो. भिंतीला पक्कं बसवलेलं, डोळ्यांच्या उंचीवरचं फळकूट सगळ्यात बरं.

आजूबाजूला उघडी ज्योत, सिगारेट, उदबत्ती काही नको. धूर न करणारी आधुनिक पावडर उघड्यावर पेटली की भडकून जळते, आणि एक पौंड म्हणजे थोडीथोडकी नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. प्राइमर आणि शिशाची धूळ हाताला लागते, त्यामुळे टेबलावर चहा-चिवडा नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे.

तपासा: फोन दुसऱ्या खोलीत आहे? तो लक्ष तर विचलित करतोच, शिवाय जवळ असला की काही डिजिटल काट्यांचे आकडेही भटकतात.

## टप्पा २: आकडा कागदावर उतरवा

मॅन्युअल उघडा आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: काडतुसाचं नाव, गोळीचं वजन व प्रकार, पावडरचं पूर्ण नाव, सुरुवातीचा चार्ज, कमाल चार्ज, काडतुसाची एकूण लांबी. चार्ज म्हणजे एका काडतुसात जाणारी पावडर.

चूक होते ती या जागी. गोळीचं वजनही ग्रेनमध्ये आणि पावडरचंही ग्रेनमध्येच. दोन्ही आकडे एकाच पानावर, बारीक छपाईत, शेजारशेजारच्या रकान्यांत. नजर एक ओळ खाली घसरली की दुसऱ्याच पावडरचा चार्ज उचलला जातो. पट्टी ठेवून वाचा. लिहून झाल्यावर मॅन्युअल मिटा, पुन्हा उघडा आणि कागदावरचा आकडा नव्याने शोधून पडताळा.

ग्रेन हे वजनाचं माप आहे. पावडरचे दाणे मोजायचे नाहीत. एक पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन. अंदाज यावा म्हणून सांगतो: इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे हिशेबाची एक गुंज दोन ग्रेनांपेक्षा जराशी कमी. पिस्तुलाच्या एका काडतुसातली पावडर दोन-चार गुंजा भरते. सराफ ज्या बारकाईने तोलतो, ती इथे लागते.

सुरुवात नेहमी 'सुरुवातीचा चार्ज' या रकान्यापासून. फक्त कमाल चार्ज दिलेला असेल तर सर्वसाधारण प्रथा १० टक्के कमी करून सुरू करण्याची आहे.

सावधान: 'कमी घातलं म्हणजे सुरक्षित' हे प्रत्येक पावडरला लागू नाही. एच ११० आणि विंचेस्टर २९६ या पावडरींचा छापील चार्ज ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका, असं बनवणारी कंपनी हॉजडन स्वतः सांगते. सावकाश जळणारी पावडर मोठ्या केसमध्ये फार थोडी घातली तर ती नीट पेटत नाही, किंवा दाब बेभरवशाचा होतो.

## टप्पा ३: डब्याची ओळख पटवा

झाकण उघडण्याआधी डब्यावरचं नाव मोठ्याने वाचा आणि कागदाशी ताडून पाहा. एकटं बसून मोठ्याने वाचताना विचित्र वाटतं, पण नुसती नजर जे सोडून देते ते जीभ पकडते.

पावडरींची नावं फसवी आहेत. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ यांचंही तेच. आकडा एक, जळण्याचा वेग वेगळा, चार्ज वेगळा. उलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर दोन नावांनी विकली जाते. हे लक्षात ठेवत बसू नका. डब्यावरचं नाव आणि मॅन्युअलमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं तरच पुढे जा. रंग आणि दाण्यांचा आकार बघून पावडर ओळखता येत नाही. बिनलेबलच्या बाटलीतली पावडर कितीही महाग असली तरी ती वापरायची नाही.

आता वास घ्या. चांगल्या पावडरला किंचित इथरसारखा वास येतो. आंबूस, झोंबणारा वास, तांबूस धूळ किंवा डब्यात तांबूस वाफ दिसली तर पावडर बिघडली आहे.

लॉट नंबर (पावडर ज्या खेपेत बनली तिचा क्रमांक) कागदावर लिहा. नवा लॉट असेल तर जुनाच चार्ज डोळे मिटून घालू नका. थोडा खाली आणून पुन्हा वर चढवत न्या. गोळी, केस किंवा प्राइमर बदलला तरी हेच. लष्करी ७.६२ची केस बहुधा जाड पितळेची असते, आतली जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त.

सावधान: काळी दारू आणि तिचे पर्याय हे वेगळं प्रकरण आहे. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत ती आकारमानाच्या मापाने मोजतात. तिथे आधुनिक पावडर कधीही घालायची नाही आणि आधुनिक पावडरच्या हॉपरमध्ये काळी दारू ओतायची नाही.

## टप्पा ४: काटा लावा

दांडीचा काटा असेल तर आधी टेकूच्या धारा आणि त्या जिथे बसतात त्या खाचा मऊ ब्रशने साफ करा. तेल लावू नका. तेलाला धूळ चिकटते आणि दांडी अडखळते. दांडीचं झुलणं लवकर थांबावं म्हणून काट्यात चुंबक असतात, त्यांना लोखंडी कीस चिकटलाय का पाहा. मग रिकामं पारडं ठेवून सगळी सरकती वजनं शून्यावर आणा आणि पायाचा स्क्रू फिरवून दर्शक शून्यावर बसवा. पारडं त्याच काट्याचं हवं. दुसऱ्या काट्याचं पारडं दिसायला सारखं असतं, वजनाला नसतं.

डिजिटल काटा असेल तर चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. थंड गॅरेजमधून आणला असेल तर आणखी थोडा वेळ. मग एकक बघा. 'जी' म्हणजे ग्रॅम, 'जीएन' म्हणजे ग्रेन, आणि बटण चुकून दाबलं गेलं की एकक बदलतं. पारडं ठेवून शून्य करा, मग पारडं उचला: उणे चिन्हासह पारड्याचं वजन दिसेल. तो आकडा कागदावर लिहा. पुढे प्रत्येक वेळी पारडं उचलल्यावर तोच आकडा दिसला पाहिजे. बदलला तर शून्य सरकलं आहे.

आता तपासणीची वजनं ठेवा. ती विकत मिळतात; चिमट्याने उचला, बोटांनी नाही. तुमचा चार्ज जेवढा असेल त्याच्या आसपासचं वजन तपासा. नुसतं शून्य बरोबर असणं पुरेसं नाही, कारण काटा शून्यावर बरोबर आणि वर चुकीचा असू शकतो. तपासणीसाठी नाणी किंवा गोळ्या वापरणारे लोक आहेत; पण गोळ्यांच्या वजनात स्वतःचाच फरक असतो.

दांडीच्या काट्याचं मोठं सरकतं वजन मॉडेलनुसार ५ किंवा १० ग्रेनच्या खाचांवर बसतं, छोटं दशांशांवर. मोठं वजन दोन खाचांच्या मध्ये लोंबकळत राहणं किंवा शेजारच्या खाचेत बसणं, ही या सगळ्या कामातली सगळ्यात धोकादायक चूक. दांडी छान स्थिर होते, दर्शक नेमका मध्यावर येतो, आणि आकडा ५ ग्रेनने चुकलेला असतो. वजन खाचेत नीट बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे.

तपासा: वजनं लावून झाल्यावर काट्यावरून आकडा वाचा, मग कागदाकडे बघा. आधी कागद बघितला तर काट्यावर तोच आकडा 'दिसतो'.

## टप्पा ५: तोलणं

केसेस आधीच साफ केलेल्या, मापात आणलेल्या आणि प्राइमर बसवलेल्या आहेत असं धरू. दोन लोडिंग ब्लॉक (केसेस उभ्या ठेवायचे भोकांचे ठोकळे) घ्या. डाव्या ब्लॉकमध्ये सगळ्या केसेस तोंड खाली करून ठेवा. पावडर भरलेली केस उजव्या ब्लॉकमध्ये, तोंड वर करून. या मांडणीत रिकामी केस आणि भरलेली केस एकमेकींसारख्या दिसतच नाहीत. पुढचं सगळं या एका सवयीवर उभं आहे.

१. मापाने (चमच्याने किंवा पावडर मेजरने, म्हणजे ठरावीक माप पाडणाऱ्या यंत्राने) हव्या त्या चार्जपेक्षा थोडी कमी पावडर पारड्यात घ्या.

२. पारडं हलक्या हाताने काट्यावर ठेवा.

३. ट्रिकलरची (थोडे थोडे दाणे पाडणाऱ्या साधनाची) नळी पारड्यावर आणून दाणा-दाणा टाकत दर्शक शून्यावर आणा. डोळा दर्शकाच्या समोरासमोर हवा. वरून वाकून वाचलं की रेघ सरकलेली दिसते.

४. जास्त पडली तर बोटाने चिमूट उचलू नका. अख्खं पारडं मापात परत ओता आणि पहिल्यापासून सुरू करा.

५. डावीकडची एक केस उचला. ती उलटीच होती, तरी एकदा टेबलावर टकटक करा. आत काही अडकलं असेल तर पडेल.

६. नरसाळं लावा, पावडर ओता, नरसाळ्यावर बोटाने टिचकी मारा.

७. केस उजवीकडे ठेवा. मगच रिकामं पारडं पुन्हा काट्यावर.

हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि प्लास्टिकच्या नरसाळ्याला दाणे चिकटून बसतात. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचा कागद नरसाळ्याच्या आतून फिरवला की स्थिर वीज जाते. लांब दांडीसारखे दाणे असलेली पावडर नरसाळ्याच्या नळीत आडवी अडकते. मग या केसमध्ये अर्धी पडते आणि पुढच्या केसमध्ये उरलेली अर्धी अधिक तिची स्वतःची. टिचकी मारायची ती यासाठी. प्रत्येक ओतण्यानंतर नरसाळ्यातून आरपार बघायला क्षणभर पुरतो.

डिजिटल काट्याची एक खोड आहे: फार सावकाश दाणे टाकले तर काही काटे ती वाढ शून्याची किरकोळ हालचाल समजून गिळतात. आकडा तिथेच राहतो, पारड्यात मात्र भर पडत असते. म्हणून शेवटचा दाणा पडल्यावर पारडं उचलून पुन्हा ठेवा आणि जो दिसेल तो आकडा खरा माना.

दर दहा केसेसनंतर रिकामं पारडं ठेवून शून्य बघा. सरकलेलं आढळलं तर मागच्या दहाही केसेस रिकाम्या करून पुन्हा तोला. कंटाळवाणं आहे, पण कुठल्या केसपासून चुकलं हे कळायला दुसरा मार्ग नाही.

### पावडर मेजर वापरत असाल तर

पिस्तुलासाठी प्रत्येक चार्ज तोलत बसणारे थोडे. मेजरने टाकायचं असेल तर मेजर लावताना आणि मध्येमध्ये तोलणं मात्र सुटत नाही. मेजर आकारमान मोजतो, वजन नाही. हॉपर भरल्यावर पावडर बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले दहा-बारा चार्ज परत हॉपरमध्ये. मग दहा चार्ज एकत्र टाकून तोला आणि दहाने भागा. लहान फरक त्यातून कळतो. शिवाय चार-पाच चार्ज सुटे तोला, कारण सरासरी बरोबर असूनही एक कमी, एक जास्त असं चाललेलं असू शकतं. दांडा दर वेळी एकाच जोराने, एकाच लयीत. हॉपर एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. दांडा मध्येच अडखळला आणि दाणा कापल्यासारखं कुरकुरलं, तर तो चार्ज परत टाका.

## टप्पा ६: उजेडात बघा

गोळी बसवण्याआधीची ही शेवटची संधी, आणि घाईत हीच टाळली जाते. पूर्ण ब्लॉक टेबलावर ठेवून टॉर्चने प्रत्येक केसच्या आत बघा. सगळ्यांत पावडरची पातळी एकसारखी हवी. एखादी वर किंवा खाली दिसली तर फक्त तीच नाही, तिच्या आधीची आणि नंतरचीही पुन्हा तोला. नरसाळ्याच्या नळीतली अडकाअडकी शेजाऱ्यांना वाटून दिलेली असते.

.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाबाबत जास्त सावध राहा. ही केस मुळात काळ्या दारूसाठी आखलेली, म्हणून ऐसपैस. टाइटग्रुपसारख्या दाट पावडरचा चार्ज तिच्या तळाशी जेमतेम दिसतो, आणि दुप्पट चार्ज पडला तरी केस ओसंडत नाही. शक्य असेल तिथे फुगीर (जास्त जागा व्यापणारी) पावडर निवडा, म्हणजे दुसरा चार्ज पडला तर बाहेर सांडेल आणि स्वतःच चहाडी करेल.

उलट चूक म्हणजे पावडरच नसणं. नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यात अडकते, आवाज फुसक्या बारासारखा येतो. त्यावर पुढची गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. रेंजवर असा आवाज आला की थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी मोकळी असल्याची खात्री करा.

नेहमीचा गैरसमज: 'तयार काडतूस तोलून बघितलं की कळेल.' नाही कळणार. केसेसच्या वजनात काही ग्रेनचा फरक असतोच, गोळ्यांचाही थोडा. पिस्तुलाचा अख्खा चार्ज त्या फरकात लपून जातो.

पातळी बघून झाली की लगेच गोळ्या बसवा. पावडर भरलेला उघडा ब्लॉक रात्रभर ठेवू नका.

## मध्येच उठावं लागलं तर

उठा. पण उठण्याआधी पारड्यातली पावडर मापात परत ओता. हातातली केसही रिकामी करून उलटी ठेवा. 'ही भरली होती बहुतेक' हे वाक्य मनात आलं की ती केस रिकामी, वाद नाही. मुलं घरात असतील तर डबा बंद करून कुलपात, मगच दार उघडायला जा.

## टप्पा ७: आवराआवर

उरलेली पावडर ज्या डब्यातून घेतली त्याच मूळ डब्यात परत, हॉपर आणि ट्रिकलर पूर्ण रिकामे करून. हॉपरमध्ये ठेवून दिली तर उद्या ती कुठली हे आठवणार नाही. शिवाय नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी काही प्लास्टिकला खातात. सांडलेली पावडर ब्रशने सुपलीत गोळा करा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या मोटरीची ठिणगी पुरते. अशी गोळा केलेली किंवा बिघडलेली पावडर कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत टाकायची नाही. विल्हेवाटीबाबत स्थानिक अग्निशमन विभागाला विचारा.

साठा मूळ डब्यांतच, थंड आणि कोरड्या जागी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा संहितेनुसार घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर ठेवता येते. त्यावर ५० पौंडांपर्यंत एक इंच जाड लाकडी पेटी लागते. प्राइमर वेगळ्या जागी.

भरलेल्या काडतुसांच्या खोक्यावर तारीख, पावडर, लॉट, चार्ज, गोळी, प्राइमर लिहा. खोकं भरल्यावर एखाद्या काडतुसाबद्दल शंका आली, तर त्या खोक्यातली सगळी काडतुसं इनर्शिया पुलर नावाच्या हातोडीसारख्या साधनाने उघडायची. रिमफायर काडतूस (ज्याचं पेटतं द्रव्य बुडाच्या कडेत असतं ते) त्यात कधीही घालायचं नाही, त्याची कडच पेटते. उघडलेल्या केसेसमधली पावडर वेगळी तोला: कुठली केस चुकली होती ते तिथे कळतं, आणि बहुतेक वेळा कुठल्या टप्प्यावर, तेही.